अकोला ते महू : एका सुभेदाराचे स्मरण

तीर्थयात्रा म्हटली की आपल्या घरांत काशी, रामेश्वर, ओंकारेश्वर ही नावे ओघानेच येतात. त्यांतले ओंकारेश्वर आम्हां वऱ्हाडकरांस शेजारघरासारखे. अकोल्याहून खांडव्याकडे जाणारी मीटरगेजची गाडी सातपुडा ओलांडून नर्मदेकाठी नेऊन सोडी. भाडे बेताचे, गर्दी ओळखीची, आणि बरोबर बांधून घेतलेल्या दशम्या संपण्यापूर्वी मुक्काम येई. माझ्या वडिलांनी ही यात्रा अनेकदा केली. त्यांच्यामागे मीही केली. परंतु ओंकारेश्वर रोड स्टेशनावर आम्ही उतरलो म्हणजे तीच गाडी पुढे कोठे जाते, ह्याचा विचार आम्हां बापलेकांच्या मनात कधी आला नाही. तो विचार माझ्या मनात घातला एका पेन्शनर हवालदाराने.

मी तेव्हा अकोट तालुक्यातील एका खेड्यात शिक्षक होतो. मॅट्रिक झालो, वडिलांपाशी घरीच संस्कृताचे अध्ययन केले आणि त्याच बळावर सारा जन्म मुलांकडून ‘रामः रामौ रामाः’ घोकून घेण्यात घालविला. हे हवालदार महार रेजिमेंटमध्ये नोकरी करून गावी परतले होते. उंच, सडसडीत, मिशांची टोके वर वळविलेली. अंगातला सदरा साधा, परंतु त्याची घडी कधी मोडलेली दिसली नाही. सकाळी उजाडण्यापूर्वी स्वतः अंगण झाडीत, आणि मुलांना कंदिलापाशी बसवून मगच शेताकडे जात. मुलांना अभ्यासाला बसवून स्वतः बाहेर पारावर बसणारे बाप मी पुष्कळ पाहिले आहेत. हे मुलांपाशीच बसत, जणू काही पहाऱ्यावरच आहेत.

एक दिवस ते शाळेत आले. गोष्ट १९८८ सालची. मुलगा आठवीत गेला होता आणि आठवीत संस्कृत घ्यावयाचे की संपूर्ण हिंदी, हे ठरवावयाचे होते. हवालदार म्हणाले, “गुरुजी, पोरगं म्हणते का मले संस्कृत घ्याचं हाय. तुमी सांगान तसं करू.”

मी मुलाची गुणपत्रिका पाहिली. मुलगा हुशार होता, हे मला ठाऊक होते. तरीही मी म्हणालो, “हवालदारसाहेब, रूपे पाठ करणे सोपे नव्हे. घरी सांगणारे कोणी नाही. हिंदी घेऊ द्या, गुण बरे पडतील.”

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले. मग “ठीक हाय, गुरुजी” एवढेच बोलून, साहेबासमोरून वळावे तसे टाच फिरवून ते गेले. मुलाने हिंदी घेतले. मी काही वावगे बोललो असे मला त्या वेळी मुळीच वाटले नाही. उलट व्यवहारी सल्ला दिल्याचे समाधानच वाटले.

पुढे वीसेक वर्षांनी, मी पुन्हा एकदा ओंकारेश्वरास निघालो आहे असे कळले तेव्हा हेच हवालदार मला बाजारात भेटले आणि हसून म्हणाले, “दरखेपी नर्मदेलोक जाता अन् वापस येता. फुडं महूले काऊन नाही जात, गुरुजी? तिथं आमचं तीर्थ हाय. अन् तुमचंबी हाय, तुमाले मालूम नाही.”

त्या बोलण्याने मी वरमलो. २००९ सालच्या डिसेंबरात आम्ही उभयता महूपर्यंतचे तिकीट काढून अकोल्यास गाडीत बसलो.

ती वाट ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. अकोला सोडल्यावर गाडी पूर्णा नदी ओलांडते. हा सारा खारपाणपट्टा. जमीन काळीभोर, कापूस-तुरीला उत्तम. परंतु विहीर खणावी तर पाणी खारट. गोड पाण्याची एखादी विहीर सापडली की साऱ्या गावाचा जीव तिच्याभोवती गोळा होई. अशा मुलखात वाढलेल्या माणसास पाण्याची किंमत सांगावी लागत नाही. आणि त्या गोड विहिरीवर कोणी चढावे व कोणी दूर उभे राहून वाट पाहावी, ह्याचे जुने नियमही मी बालपणी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले आहेत.

अकोट मागे पडले की अडगाव येते. ह्याच अडगावच्या माळावर २९ नोव्हेंबर १८०३ रोजी भोसल्यांच्या फौजेची इंग्रजांशी लढाई झाली, आणि पुढे पंधरवड्यात, १५ डिसेंबरास, वरच्या डोंगरातला गाविलगड पडला. सेनापती वेलस्लीचे नाव इतिहासाच्या पुस्तकात आम्ही मुलांकडून पाठ करून घेतो. दोन्ही बाजूंनी जे पायदळ शिपाई चालत आले आणि इथल्या मातीत राहिले, त्यांची नावे कोणत्याही पाठात नाहीत. त्यांनाही घरे होती, मुलेबाळे होती. परंतु शिपायाच्या घरात काय घडते ते लिहून ठेवण्याची आपल्याकडे रीत नाही. माझ्या मनात हे येत होते तोवर हिवरखेड, वान रोड मागे पडून धुळघाट आला. तेथे रूळ डोंगराला असा वेढा घालीत की, गाडी वर चढून आपल्याच खालच्या वाटेवरून पलीकडे जाई. मुले खिडकीतून ओरडत, मोठीही डोकावत. मग तुकईथड, खांडवा, सनावद; मग नर्मदा. ओंकारेश्वर रोडला गाडी थांबली, अर्धा डबा रिकामा झाला, आणि आयुष्यात प्रथमच मी त्या स्टेशनावर जागेवर बसून राहिलो. पुढे काळाकुंड ते पाताळपाणी असा विंध्याचा अवघड घाट चढून गाडी महूस पोचली.

महू ही लष्कराची छावणी. रस्ते सरळ, झाडे ओळीत, चुन्याने रंगविलेले दगड. तेथील काळी पलटण नावाच्या वस्तीत १४ एप्रिल १८९१ रोजी डॉ. भीमराव आंबेडकरांचा जन्म झाला. त्या जागी आता संगमरवरी, घुमटाचे स्मारक आहे. त्याचा पाया १९९१ साली, जन्मशताब्दीच्या दिवशी घातला आणि २००८ साली त्याच तिथीस ते लोकांस खुले झाले. गावाचे नावही २००३ पासून डॉ. आंबेडकर नगर असे झाले आहे. मुलाची कीर्ती जगास ठाऊक आहे. ती येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. मी त्या थंड फरशीवर बसलो तेव्हा माझ्या मनात वारंवार येत होता तो बाप. येथेच त्यांची बराक होती, येथेच त्यांची शाळा होती.

शाळा, हे वाचून कित्येक वाचकांस नवल वाटेल. मलाही वाटले होते. सुभेदार रामजी मालोजी हे रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातील आंबडवे गावचे. वडील मालोजी कंपनी सरकारच्या फौजेत शिपाई. त्या काळच्या फौजेत शिपायांस आणि त्यांच्या मुलामुलींस शिकविणे सक्तीचे असे, आणि त्या शिकविण्यासाठी पलटणीतीलच माणसे तयार करीत. रामजींनी पुण्यास शिक्षकाचे शिक्षण घेतले, मराठीवर व इंग्रजीवर प्रभुत्व मिळविले, आणि लष्करी शाळेत सुमारे चौदा वर्षे मुख्याध्यापकाचे काम केले. ज्या वर्णास गावात शाळेच्या पायरीवर बसू देत नसत, त्या वर्णातला पुरुष छावणीत हेडमास्तर होता. म्हणजे हे गृहस्थ माझेच व्यवसायबंधू, आणि माझ्याहून पुष्कळ वरच्या योग्यतेचे. तीस वर्षे खडू हाती धरून मला हे ठाऊक नव्हते, ह्याची त्या जागी मला लाज वाटली.

त्यांची पत्नी भीमाबाई ही ठाणे जिल्ह्यातील मुरबाडकर घराण्यातली, सुभेदार-मेजराची मुलगी. ह्या दांपत्यास चौदा अपत्ये झाली, भीमराव चौदावे. त्यांतली पाचच पुढे जगली. आमच्या घरच्यांनी तेथे एवढेच म्हटले, “चौदा बाळंतपणे, तीही बराकीत!” आणि बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत.

पेन्शन घेतल्यावर रामजी दापोलीस आणि तेथून साताऱ्यास गेले. ह्याच सुमारास, १८९२ साली, सरकारने महारांची फौजेत भरती बंद केली. तिघा पिढ्यांनी ज्या दारातून अक्षरओळख घरात आणली ते दारच बंद झाले. त्याविरुद्ध अर्ज तयार करण्यात रामजी होते आणि त्या कामी न्यायमूर्ती रानड्यांचे साह्य त्यांनी घेतले, असे चरित्रकार धनंजय कीर लिहितात. अर्जाने त्या वेळी काही झाले नाही. पहिल्या महायुद्धात १९१७ साली एक महार पलटण उभी राहिली ती १९२१ साली मोडली. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ साली, आणि तीही त्या मुलाच्या खटपटीने. आमच्या हवालदारांच्या नोकरीची वाट अशी आली होती.

साताऱ्यास १८९६ साली भीमाबाई वारल्या. लहान मुलांचा सांभाळ रामजींची बहीण मीराबाई हिने केला. पुढे रामजींनी दुसरा विवाह केला, आणि आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर पाहून धाकट्या मुलाचे मन दुखावले, हेही चरित्रांत नमूद आहे. मी ते लपवीत नाही. ज्यांनी घर चालविले आहे त्यांस ठाऊक आहे की, चांगल्या बापाच्या हातूनही मुलाचे मन कधी कधी दुखावते.

पेन्शन अपुरे, म्हणून रामजींनी सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे खजिनदाराची नोकरी धरली. दुष्काळग्रस्तांस काम मिळावे म्हणून तेथे तळे खोदणे चालू होते. १९०१ साली मुले सुटीत वडिलांकडे निघाली, नवे कपडे घालून, आगगाडीने, मोठ्या हौसेने. पत्र वेळेवर हाती न पडल्यामुळे मसूर स्टेशनावर घ्यावयास कोणी आले नाही. मुले महार आहेत असे कळताच गाडीवाले नेईनात. दुप्पट भाडे देऊन, गाडी मुलांनीच हाकावी अशा अटीवर एक गाडी मिळाली. बरोबर डब्यात अन्न होते, परंतु प्यावयास पाणी कोणी दिले नाही, आणि ती मुले रात्रभर उपाशी व तहानेली राहिली. बाबासाहेबांनी ही हकीकत स्वतः लिहून ठेविली आहे. खारपाणपट्ट्यातला मी, ती हकीकत मला दुसऱ्यांदा वाचवली नाही. दुसऱ्या दिवशी मुले दारात उभी राहिली तेव्हा त्या सुभेदाराच्या जिवाचे काय झाले असेल? सरकारच्या खजिन्याची किल्ली ज्याच्या विश्वासावर सोपवावी, त्याच्या मुलांस घोटभर पाणी मिळू नये!

आणि तरीही ह्या पुरुषाने घरात कटुता शिकविली नाही. ते कबीरपंथी होते. मद्यमांसास शिवत नसत. घरात पहाटे-सायंकाळी भजन होई, अभंग म्हटले जात, आणि रामायण-महाभारताचे वाचन होई. ते संपेपर्यंत कोणी उठावयाचे नाही, हा नियम. मुलाने एकदा विचारले की, ज्या ग्रंथांत आपणांस हीन लेखले आहे ते आपण का वाचावयाचे? बापाने उत्तर दिले ते मुलाने पुढे लिहिले आहे. त्याचा आशय असा की, आपल्या मनातला कमीपणा जावा म्हणून. द्रोण आणि कर्ण पाहा, लहान घरचे, पण केवढे मोठे झाले. वाल्मीकी पाहा, कोळी, पण रामायणाचा कर्ता झाला.

वाचकहो, मी आयुष्यभर महाभारत वाचले, पण द्रोणाचे नाव निघाले की मला आठवतो तो एकलव्य. सुभेदारांना आठवला तो, मुलास दूध पाजता येईना असा दरिद्री द्रोण. ग्रंथातून आपल्या मुलास जे बळ देईल तेवढेच त्यांनी वेचून घेतले. ह्याला मी पांडित्याहून श्रेष्ठ असे अध्यापन म्हणतो.

साताऱ्यास ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव सरकारी हायस्कुलात दाखल झाले. महाराष्ट्रात तो दिवस आता विद्यार्थी दिन म्हणून पाळतात. मग कुटुंब मुंबईस आले. परळच्या डबक चाळीत एकच खोली. तीतच चूल, तीतच सामान, तीतच अभ्यास. रामजींनी युक्ती काढली. मुलाने रात्री लवकर निजावे, बापाने जागावे. पहाटे दोन वाजता मुलास उठवून मग बापाने त्याच जागी पडावे. फौजेत पहारा बदलतात, तसा. मुलास पुस्तक हवे आणि पैसा नसला म्हणजे हे वृद्ध सुभेदार लेकींच्या घरी जात. रोख नसल्यास लेकीचा एखादा दागिना मागून घेत, तो मारवाड्याकडे ठेवून पुस्तक आणीत, आणि पेन्शन आले की दागिना सोडवून परत देत. लेकींनी कधी नाही म्हटले नाही. त्या भगिनींचेही हे स्मरण आहे, असे मी समजतो.

१९०७ साली मुलगा मॅट्रिक झाला. परंतु त्यापूर्वीची एक गोष्ट मजसारख्याने सांगितलीच पाहिजे. मुंबईच्या हायस्कुलात भीमरावांना संस्कृत घ्यावयाचे होते. अस्पृश्याचा मुलगा म्हणून ते शिकविण्यास नकार मिळाला आणि त्यांस फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी स्वतःच्या परिश्रमाने संस्कृत आत्मसात केले. परंतु ज्या घरात बाप पहाटे महाभारत वाची, त्या घरच्या मुलास महाभारताच्या भाषेचे दार शाळेत बंद होते.

हे मी पूर्वी वाचले नव्हते असे नाही. वाचले होते, आणि ‘तो काळच तसा होता’ असे म्हणून पान उलटले होते. महूच्या त्या फरशीवर बसलो असता मात्र मला १९८८ सालची माझी शाळा दिसली, हातातली गुणपत्रिका दिसली, आणि टाच फिरवून जाणारे हवालदार दिसले. मी नकार दिला नव्हता. सल्ला दिला होता. शब्दही गोड होते. ‘घरी सांगणारे कोणी नाही’ असे मी म्हणालो. परंतु सांगणारा म्हणून सरकार मला पगार देत होते! द्रोणाने निदान अंगठा मागितला. मला तो मागावा लागला नाही. मी न मागताच त्या मुलाने तो काढून दिला.

रामजींचा अंत २ फेब्रुवारी १९१३ रोजी झाला. मुलगा नुकताच बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाला होता. तार येताच निघाला. वाटेत सुरतेस वडिलांसाठी मिठाई घेण्यास उतरला आणि गाडी चुकली. पोचला तेव्हा बापाचे डोळे दाराकडे लागले होते. त्यांनी मुलाच्या पाठीवरून हात फिरविला, आणि थोड्या वेळाने प्राण सोडला. मुलाची पुढची कीर्ती त्यांनी पाहिली नाही. आपण उभारलेले घर पुढे केवढे होणार आहे, हे न पाहताच हा शिपाई पहाऱ्यावरून उतरला.

महूहून परतल्यावर मी हवालदारांच्या घरी गेलो. ते खाटेवर बसून नातीची वही पाहत होते. मी त्यांना तेव्हाची गोष्ट सांगितली आणि माझी चूक झाली असे म्हणालो. ते थोडे थांबून म्हणाले, “मले तं याद बी नाही, गुरुजी. पोरगं बँकेत लागलं, बरं चाललं हाय त्याचं. तुमी तवा आमच्या भल्यासाठीच सांगतलं असन.” ते विसरले नव्हते. माझा मान राखण्यासाठी ते तसे म्हणाले, हे त्यांच्या डोळ्यांत मला दिसले. मग त्यांनी नातीला हाक मारली. “इकडं ये. हे आपले गुरुजी. यांले इचार, तुले काय इचाराचं हाय ते.” त्या मुलीने वही पुढे केली. सातवीत होती; पुढच्या वर्षी काय घ्यावे, हे विचारीत होती.

तिने तीन वर्षे माझ्यापाशी संस्कृत केले. ह्यात माझा काही मोठेपणा नाही. ते वीस वर्षांपूर्वीचे देणे होते, आणि व्याजही पुरते फिटले नाही. हवालदार २०१४ साली गेले. त्यांच्या मुलाने बापाची पलटणीची पदके मला दाखविली. ती ठेविली होती नातीच्या पुस्तकांच्याच फळीवर.

निवृत्तीनंतर मी अमरावतीस राहतो. सायंकाळी अंबागेटातून अंबादेवीस जाण्याचा माझा परिपाठ आहे. ह्या देवळात अस्पृश्यांस प्रवेश मिळावा म्हणून १९२७ साली येथे चळवळ झाली, आणि १३ नोव्हेंबर १९२७ रोजी इंद्रभुवन थिएटरात भरलेल्या परिषदेचे अध्यक्ष म्हणून डॉ. आंबेडकर अमरावतीस आले होते. परिषद चालू असतानाच त्यांचे वडील बंधू बाळाराम वारल्याची वार्ता येथे आली. सुभेदारांच्या जगलेल्या पाच मुलांपैकी एकाचे सुतक दुसऱ्यास आमच्या गावात, आमच्या देवीच्या दारासंबंधी बोलत असता लागले. मी पायरीवर चप्पल काढताना हे मला हटकून आठवते.

ती मीटरगेजची गाडी आता नाही. २०१७ च्या आरंभी अकोला-खांडवा वाहतूक बंद झाली. अकोटापर्यंत रुंद रूळ झाले. पुढे मेळघाटच्या व्याघ्रप्रकल्पामुळे मार्ग वळवून नेण्याचे ठरले. धुळघाटचा वेढा आठवणीतच राहिला. तरीही वऱ्हाडातून ओंकारेश्वरास जाणारे जातातच, मोटारीने, बसने. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की, नर्मदास्नान झाल्यावर परत फिरू नये. पुढे घाट चढून महूस जावे. आणि बरोबर मुले असल्यास, तेथे एक हेडमास्तर राहत असत, असे त्यांना सांगावे.